मंगळवारची पाठ

कूर्ताद चित्रकारांनी चित्र कोरलेली तांब्याची पाटी त्या दुपारी माझ्याकडं छापायला आली. माँमार्त्रच्या उतारावर माझा छापखाना. पाटीला शाई भरली, पुसली, वर ओला कागद ठेवून यंत्राचं चाक फिरवलं. कागद उचलला, तर टबात उभी राहून मान धुणारी एक बाई. पाठमोरी. डाव्या खांद्याखाली इस्त्रीच्या चटक्याचा डाग.

छापात उजव्याचं डावं होतं. माझ्या बायकोला, झेलीला, तो डाग उजवीकडं होता. ती परीटघरात इस्त्री करायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

शेवटच्या आजारात म्हणायची, "फिर्मँ, अंग नुसतं चिकट झालंय रे. गरम पाण्यानं पाठ धुवून दे ना."

मी म्हणायचो, "रविवारी देतो. आत्ता काम तुंबलंय."

ती शनिवारी गेली.

कागद तसाच ओला घेऊन मी कूर्तादांकडं धावलो. "ही कोण?"

"दर मंगळवारी येते. नाव सांगत नाही. पाणी गरम आहे ना, एवढंच विचारते. पण तुझ्या तोंडावर बारा का वाजलेत?"

"चेहरा कसा आहे तिचा?"

ते जरा घुटमळले. "कधी वळलीच नाही बघ..."

पुढच्या मंगळवारी मी तिथं जाऊन बसलो. शेगडीवर पाणी तापलं होतं, जस्ताचा टब मांडला होता. तीनच्या सुमाराला कूर्तादांनी पाटी कोरायची सुई उचलली आणि हळूच म्हणाले, "आली."

मला कुणीच दिसेना. नुसता ओल्या केसांचा वास.

"कुठं...?"

"तुझ्यासमोर. टबात."

मी टबावर गरम पाण्याचा जग कलता केला. पाणी माझ्या छातीच्या उंचीवर फुटलं आणि पाठीवरून ओघळावं तसं, आवाज न करता खाली उतरलं. मी स्पंज फिरवला. हाताला हाडं लागली. फार वाळली होती ती. दुसरा जग ओतला.

"झेली, चुकलो गं मी... एकदा वळ ना..."

तिसऱ्या जगाचं पाणी मात्र सरळ टबात पडलं, धबकन.

"गेली," कूर्ताद म्हणाले.

"वळली का?"

"वळली."

"कशी दिसत होती?"

त्यांनी समोरच्या पाटीवर फडकं टाकलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं.

मी टबात वाकून पाहिलं. तीन जग ओतले होते. खाली एकाचंच पाणी होतं.