मागचा भार

"रतन फळीवर जातो एकटाच, पण येताना..."

विहिरीवर सोनूबाई एवढंच बोलली. तेवढ्यात रतनची आई नीराबाई घागर घेऊन येताना दिसली आणि तिनं तोंड मिटलं. गोदूकाकीच्या घशात मात्र ते अर्धं वाक्य माशाच्या काट्यासारखं अडकलं. शेजारच्या घरातली गोष्ट, आणि आपल्याला पुरी ठाऊक नाही म्हणजे काय! एकटी विधवा बाई, चौथी शिकलेली. कोळीवाड्यातल्या साऱ्या खबरा तिच्या ओटीवरच्या बाकड्यावर येऊन टेकायच्या. ते बाकडंही नमुनेदार. पाय फार आत ठोकलेले, त्यामुळे कुणी एकटं टोकाला बसलं की दुसरं टोक वर उडायचं आणि पाहुणा भुईवर. काकीचं बाकडं खोटारड्याला पाडतं, असं पोरं म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी, अठ्ठावन्नच्या भादव्यात, रतनचा थोरला भाऊ अनंता होडीसकट बुडाला. तो मिळाला नाही. होडीची एक लांब फळी तेवढी किनाऱ्याला लागली. रतननं ती तासली आणि तिच्यावर उभा राहून लाटांवर स्वार होऊ लागला. सहलीला आलेल्या मुंबईच्या कुणा साहेबानं ते पाहिलं. दिवाळीत जुहूला येऊन हा खेळ दाखव, पगार देतो, म्हणाला. तेव्हापासून पोर रोज पाण्यात. नीराबाईला पगार नको होता नि जुहूही नको होतं. एक गेला, हा तरी राहू दे, तुझं ऐकतो तो, असं म्हणत तिनं भर दुपारी गोदूकाकीच्या हाती भाकरी नि सुकटीची चटणी देऊन तिला किनाऱ्यावर धाडलं.

वारा पडला होता. वाळूतून तापलेला खारट वास येत होता. बोंबील उघडे वाळत होते, आणि आसपास एकही कावळा नव्हता.

लाट उठली. तिच्यावर रतन. एकटाच. काकीनं सुस्कारा सोडला. लोकांच्या जिभेला हाड नसतं. मग तिची नजर त्याच्या पायांकडे गेली. तो फळीच्या अगदी पुढच्या टोकाला उभा होता, बोटं कडेबाहेर. होडी हाकणाऱ्या तांडेलाची लेक ती. पुढं भार पडला की होडीचं नाक बुडतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

फळीचं नाक वर होतं. मागचं टोक पाण्यात खोल दबलेलं... आणि त्यावर कुणी नव्हतं.

काकी दोन पावलं मागं सरली. पण अनंताला तिनं कडेवर खेळवलं होतं. भीतीच्या वर माया आली आणि सवयीनं तोंडातून निघालं, "या रे दोघं... भाकरी गार होते."

रतन फळीवरून कोसळला. धडपडत बाहेर आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"काकी, दोघं का म्हणालीस?"

"अनंता हाय ना रं तुझ्या मागं?"

"मलाबी आधी तसंच वाटलं..." समुद्राला ऐकू जाऊ नये इतकं हळू तो बोलत होता. "पण दादा लाटेवर कधी गप राहिला न्हाय. ह्यो बोलत न्हाय. मागं भार असला की फळी डगमगत न्हाय, म्हणून मी चालवून घेतलं. पण रोज त्याला पाण्यातच सोडतो. काठावर कधी बोलावलं न्हाय..."

त्यानं फळी काखेत उचलली आणि थबकला. खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"हलकी झाली," एवढंच म्हणाला.

त्या दिवसापासून रतन फळीवर टिकेना. पुढं सरकला की नाक बुडायचं आणि तो तोंडावर. जुहू राहिलं ते राहिलंच. पोर पाण्यातून सुटलं म्हणून नीराबाईनं काकीचे पाय धरले. येताना मागं अनंता असतो, ही सोनूबाईची बातमी खोटी, असं विहिरीवर ठरलं. खोटीच होती ती. अनंता नव्हताच तो.

काकीच्या ओटीवर हल्ली कुणी टेकत नाही. का, ते कुणी सांगत नाही. तिन्हीसांजेला ती एकटीच येते आणि बाकड्याच्या अगदी टोकाला बसते.

बाकडं उडत नाही. दुसऱ्या टोकाकडे ती बघत नाही.