उष्टे आलू

ही घटना खरी आहे. मी स्वतः तिथे होते. कोणी हसलं तरी मला आता फरक पडत नाही.

आणि ती रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती.

मागच्या वर्षीचा फेब्रुवारी. अल्लीपूरजवळचं एक शेत. दुपारचे दोन. डोक्यावर चटके देणारं ऊन.

माझं नाव नंदिनी. सासर वर्ध्याला, नालवाडीत. माहेर अल्लीपूर. माझी आई मीराबाई तिथे बायांची टोळी घेऊन मजुरीला जाते. टोळीत एक बाई कमी झाली होती, म्हणून त्या आठवड्यात मीच आईसोबत गेले.

शेत प्रफुलचं. आजूबाजूला सगळा कापूस, नाहीतर हरभरा. याने मात्र विहिरीच्या पाण्यावर ठिबक टाकून दोन एकरात आलू लावले होते. आमच्याकडे एवढा आलू कोणी लावत नाही. लोक मुद्दाम बघायला यायचे.

आलू काढायच्या दहा-बारा दिवस आधी पाणी तोडतात. ठिबकच्या नळ्याही गुंडाळून ठेवल्या होत्या. माती कोरडीठाक. भेगा पडलेल्या.

ट्रॅक्टर वरंबे फोडत पुढे जायचा, आम्ही मागून आलू वेचायचो. विहिरीजवळच्या शेवटच्या वरंब्यावर मात्र ट्रॅक्टर वळत नव्हता. तो कुदळीनेच खोदावा लागणार होता.

"तो राहू दे," आई म्हणाली. "त्याले हात नोको लावू."

"काऊन?"

"म्हटलं ना."

पण प्रफुल बांधावरून बघत होता. "मावशी, तेवढाच काऊन सोडून राह्यल्या? आटपा लवकर."

आम्ही दोघी कुदळ घेऊन गेलो.

पहिल्यांदा लक्षात आलं ते हे, की तिथे बगळे नव्हते.

सकाळपासून किडे टिपायला आमच्या पायात पायात करत होते. या वरंब्याकडे मात्र... एकही आला नाही.

मी वाकून मातीला हात लावला.

माती ओली होती.

पाण्याने नाही. चिकट. बोट उचललं तर तार सुटली... लाळेसारखी.

मग वास आला. ओकारीचा आंबट वास, आणि त्यात मिसळलेला औषधाचा. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, मळमळल्यावर सुटतं तसं.

आणि मग...

कच्.

कोणीतरी कच्चं काहीतरी चावावं, तसा आवाज.

मी आईकडे बघितलं. तिनेही ऐकला होता. तिचे ओठ पांढरे पडले होते.

कच्... कच्... कच्...

आवाज जमिनीखालून येत होता.

मी घाबरून कुदळ मारली. ढेकूळ फुटलं. चार-पाच आलू बाहेर आले.

सगळे चावलेले.

कुदळीचा घाव नव्हता तो. चावा होता. पांढरा, ताजा. कडा गुलाबी झालेल्या. वर थुंकी चमकत होती. तीन महिने त्या मातीला कोणी हात लावला नव्हता.

प्रफुल आला. "उंदीर असन," तो म्हणाला.

उंदराच्या दातांच्या दोन बारीक रेघा उमटतात. इथे माणसाच्या दातांची अख्खी कमान होती. आणि समोर, मधोमध, एका दाताची जागा रिकामी.

प्रत्येक आलूवर तीच रिकामी जागा.

आई वरंब्याशी खाली बसली.

"वच्छला," ती म्हणाली.

वच्छलाबाई म्हणजे टोळीतली तीच कमी झालेली बाई. शिळा भात बाधला आणि नोव्हेंबरात ती गेली, एवढंच मला माहीत होतं.

"शिळा भात नवता, पोरी," आई म्हणाली. "लागवडीच्या दिवशी तिच्यापाशी डबाच नवता. तिले कच्चा आलू खायाची सवय. लावायच्या बेण्याले ते गुलाबी औषध चोळलं होतं. तिनं पदरानं पुसलं न् खाल्लं. एक नाई, चार-पाच फोडी. मी पाह्यलं तवा उशीर झालता."

"मंग?"

"इथंच ओकली. याच वरंब्यात. मी याले म्हटलं, भाऊ, गाडी काढ. हा म्हणे, सीट खराब होईन, ऑटो बलावा. ऑटोले तास लागला. तवर यानं त्या ओकारीवर माती ओढाले लावली. वरतून आलू लावले. माह्याच हातानं लावले."



"दवाखान्यात डॉक्टरनं मले इचारलं, काय खाल्लं हिनं? मी म्हटलं... शिळा भात. यानं सांगतलं होतं, खरं बोलली तर टोळीचं काम बंद. तिसऱ्या दिवशी गेली बिचारी."

मी प्रफुलकडे बघितलं. तो खिशातला मोबाईल चाचपत होता.

"मावशी, जुनं काऊन उकरता?" तो म्हणाला. "चावलेला भाग कापून टाका, बाकीचं पोत्यात भरा. बाजारात कोण पाह्यते?"

इतका वेळ मला त्या मातीची किळस येत होती. आता त्याची आली. आणि खरं सांगते... आईचीही आली.

कच्...

पुन्हा. अगदी पायाखाली.

आईने काय करावं? तिने उजवा हात त्या वरंब्यात घातला. कोपरापर्यंत.

"आई, काढ हात."

तिने काढला नाही. तिचे डोळे मिटलेले होते.

"वच्छला," ती हळूच म्हणाली, "मी खोटी बोलली व. तुह्या जिवाशी खोटी बोलली."

आवाज थांबला.

आईने हात बाहेर काढला. जखम नव्हती. ओरखडासुद्धा नव्हता. कोपरापर्यंत गुलाबी फेस होता फक्त. त्याचे बुडबुडे अजून फुटत होते. कोमट होता तो. मीच पदराने पुसला, म्हणून सांगते.

मग मी बांधावर जाऊन ओकले.

संध्याकाळी आम्ही वच्छलाबाईच्या नवऱ्याकडे गेलो. तानबा एकटाच ओसरीवर बसला होता. आईने उभ्यानेच सगळं सांगितलं.

त्याने मान वर केली नाही.

"मले तवाच समजलं होतं, मीराबाई," तो म्हणाला. "शिळ्या भातानं तोंडातून गुलाबी फेस येते काय? तू कधी येतं, त्याचीच वाट पाहून राह्यलो होतो."

दुसऱ्या दिवशी आईने पोलिसांत जबाब दिला. प्रकरण चालू आहे. तो वरंबा प्रफुलने बाहेरगावचे मजूर आणून खोदला. पोती त्याच आठवड्यात बाजारात गेली. कुठे गेली, कोणाच्या ताटात पडली, माहीत नाही.

लोक विचारतात, जमिनीखाली नेमकं काय होतं? मला माहीत नाही. आईला विचारलं, तुझ्या हाताला आत काय लागलं? ती सांगत नाही.

आई आता डाव्या हाताने जेवते.

उजवा हात दिवसातून दहादा साबणाने धुते. कातडी सोलली आहे. तरी म्हणते, वास जात नाही. ती म्हणते म्हणून नाही... मलाही येतो.

मागच्या महिन्यात ती नालवाडीला आली होती. मला ताप होता. तिने उशाशी बसून माझ्या तोंडावरून हात फिरवला. उजवा.

मी श्वास रोखून पडून राहिले. ती आई आहे माझी. पण हात उचलेपर्यंत मी श्वास घेतला नाही.