माळाची हजेरी

माळराज नगरीच्या बी विंगच्या पार्किंगमधल्या चार फरश्या उखडल्या होत्या आणि खड्ड्यातून हातभर लांबीची मातीची कांडी वर निघत होती. रहिवासी कुरकुरत होते, गाड्या कुठे लावायच्या म्हणून. पण कायद्यापुढे कुणाचं काय चालणार? उघड्या जमिनीवर वसलेल्या प्रत्येक नगराला तीस वर्षं झाली की 'माघारी पाहणी' करून घ्यावीच लागे. म्हणजे आपण इथे यायच्या आधी कोण राहत होतं ते मातीतून शोधायचं. आणि त्यातलं कोण अजून दुभाजकात, गटाराच्या कडेला, गच्चीवर तग धरून आहे ते मोजायचं. कालच ई विंगच्या गच्चीवर, खडीत, टिटवीची चार अंडी सापडली होती. तीही यादीत गेली.

पाहणी समितीच्या अध्यक्ष डॉ. कुमुद खांबेटे सावलीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. वय त्रेसष्ट. गवतं ओळखण्यात त्यांचा हात धरणारं राज्यात कुणी नव्हतं. वाळकी काडी बोटांत फिरवून त्या ती पवन्या आहे की मारवेल ते सांगत, आणि चुकत नसत. बत्तीस वर्षांपूर्वी इथे एकही इमारत नव्हती, तेव्हा या सोनथडीच्या माळाची पहिली पाहणी त्यांनीच केली होती. म्हणून माघारी पाहणीही त्यांच्याच हातून व्हावी, असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी दोनदा प्रकृतीचं कारण सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा ते शोभलं नसतं.

"सर, या मातीत एवढं काय दिसतं हो तुम्हाला?" ड्रिल चालवणाऱ्या अर्पिता कोळेकरने विचारलं. बेचाळिशीची बाई, हात कामाने राठ झालेले. याच नगरीच्या मागे, माळावरून उठवलेल्या लोकांसाठी बांधलेल्या इमारतीत ती राहायची.

थरवाचनाचं यंत्र ज्यांनी उभं केलं ते डॉ. इलियास तांबोळी शेजारीच होते. समजावून सांगायची त्यांना भारी हौस.

"ताई, तुम्ही इथे अर्धा तास उभ्या आहात. तेवढ्यात तुमच्या कातडीची बारीक साल पडली, एखादा केस पडला. त्यात तुमचा डीएनए आहे. मातीचा कण त्याला धरून ठेवतो. वरून फरशी बसली की ऊन नाही, पाणी नाही. तो राहतो पडून."

"आणि तो कधी पडला, ते?"

"डीएनए म्हणजे लांब धागा. वर्षं जातील तसा तो तुटत जातो, जुन्या गोधडीचे टाके उसवतात तसा. किती तुटलाय ते मोजलं की वय कळतं. याला आम्ही थरवाचन म्हणतो."

"म्हणजे तुमचं यंत्र उसवलेले टाके मोजतं."

"अगदी. पण गंमत अशी, की माळाच्या प्रत्येक तुकड्यात उसवण्याचा वेग वेगळा. म्हणून आधी घड्याळ लावून घ्यावं लागतं. ज्याची तारीख पक्की माहीत आहे, असं एक तरी पाऊल प्रत्येक तुकड्यात लागतं. ते आमचं साक्षीपाऊल. इथे ते आपल्या मॅडमचं. त्या वेळी त्या या माळावर बारा रेघा चालल्या होत्या. रेघ म्हणजे किलोमीटरभराची सरळ वाट आखायची, सावकाश चालायचं आणि दोन्ही अंगांना जे दिसेल ते टिपायचं. कुठली रेघ कुठल्या दिवशी चालल्या, सगळं अहवालात आहे."

अर्पिताने कुमुदबाईंकडे पाहिलं. कुमुदबाईंनी पाण्याची बाटली उघडली, घोट घेतला, झाकण लावलं, परत उघडलं. कोळेकर हे आडनाव कानावर पडलं तेव्हाच त्यांना ते ओळखीचं वाटलं होतं. वडील कोण, हे त्यांनी विचारलं नव्हतं. उत्तर ऐकायची छाती नव्हती.

खरं काय घडलं होतं, ते सांगायला फार वेळ लागत नाही. माळाची पाहणी करायची ती श्रावण-भाद्रपदात, गवत उभं असताना. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं. पण अहवाल जूनच्या आत हवा होता, म्हणून कुमुदबाई मे महिन्यात आल्या. त्रेचाळीस अंश ऊन. गवत असं करपलेलं, की माळ मेलाय असंच वाटावं. पहिल्या दिवशी त्या दोन रेघा चालल्या. टाचांना फोड आले. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजवरचा कूलर बंद करून उठायचं त्यांच्या जिवावर आलं. एक माळ पाहिला की सगळा पाहिला, असं त्यांनी मनाशी म्हटलं. उरलेल्या दहा रेघा त्यांनी पाच दिवसांत पलंगावर बसून भरल्या. पहिल्या दोन रेघांतलीच गवतं, आकडे थोडे इकडेतिकडे केलेले. अगदीच कोरडं वाटू नये म्हणून सातव्या रेघेवर एक घोरपड टाकली. शेवटी शेरा लिहिला: पडीक जमीन, जपावं असं काही नाही. माणूस हुशार असला की आळसही नीटनेटका करतो. त्या अहवालात एकही खाडाखोड नव्हती.

गुरुवारी इलियासनी त्यांना प्रयोगशाळेत बोलावलं. पडद्यावर बारा उभ्या पट्ट्या होत्या.

"मॅडम, एक विचित्र गोष्ट आहे. आणि आधीच सांगतो, चूक माझ्या यंत्राची असणार."

"बोला."

"पहिल्या दोन रेघांवर तुमची पावलं स्वच्छ मिळतात. तिसरीपासून बारावीपर्यंत एकही नाही. वारा असेल, माती हलली असेल. सातव्या रेघेवर तर तुम्ही घोरपड नोंदवली आहे, आणि आम्हाला घोरपडीचा कणही सापडत नाही." ते हसले. "घोरपडीने आमच्याशी काय वैर धरलंय कळत नाही."

कुमुदबाईंना हसता आलं नाही.

"पण त्या दहा रेघांवर दुसऱ्या एका माणसाची पावलं आहेत," इलियास पुढे म्हणाले. "आधी वाटलं अर्पिताताईंचाच अंश मिसळला. कामावरच्या सगळ्यांचा डीएनए आम्ही नोंदवून ठेवतो, तो वजा करता यावा म्हणून. हा अर्धा जुळतो. म्हणजे वडील. बिराप्पा कोळेकर. अहवालात वाटाड्या म्हणून तुम्हीच त्यांचं नाव लिहिलंय. प्रत्येक रेघेच्या तोंडाशी त्यांचा दाट थर आहे, माणूस तासन् तास एका जागी उभा राहावा तसा. आणि तिथून शेवटापर्यंत त्यांची पावलं. बहुधा मेंढरं घेऊन फिरत असतील."

"मग आता?"

"दोन रेघांवरून बाकीच्या दहांचं घड्याळ लागत नाही. नियमाप्रमाणे ठिकाण बाद. वाईट वाटतं, कारण नवव्या रेघेवर तणमोर आहे."

कुमुदबाई पडद्याजवळ गेल्या. तणमोर, गुडघाभर उंचीचा पक्षी, पावसाळ्यात गवतातून सरळ वर उड्या मारून मादीला बोलावणारा. आता उभ्या राज्यात कुठे दिसत नाही.

"तीन पावसाळे सलग, पिसांचा अंश," इलियास म्हणाले. "निदान आम्हाला तसं वाटतं. घड्याळ नाही तर ते तीन की तीनशे, कोण सांगणार? नववी रेघ पाण्याच्या टाकीमागच्या मोकळ्या सतरा एकरांतून जाते. तिथे अजून पवन्या उभा आहे, मी स्वतः पाहिला. तारीख पक्की झाली असती तर कायद्याने तो तुकडा कायमचा मोकळा राहिला असता. सोमवारी सुनावणी आहे. ठिकाण बाद झालं की मंगळवारी तिथे पाया खणतील."

कुमुदबाईंच्या मनात पहिला विचार आला तो असा, की वाऱ्यावर ढकलून मोकळं होता येईल. इलियासनी दार उघडूनच ठेवलं होतं. त्या दारातून त्या निम्म्या बाहेर पडल्याही होत्या. त्याच विचाराची त्यांना पुढे सगळ्यांत जास्त लाज वाटत राहिली.

"तुमचं यंत्र बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मी गेलेच नव्हते."

इलियासनी हळूच विचारलं, "दहाही रेघांवर?"

"दहाही. घोरपड मी लिहिली, पाहिली नाही. बिराप्पांना मी सांगितलं होतं, रोज दोन रेघा, सकाळी सहाला तोंडाशी थांबा. कुठल्या दिवशी कुठल्या, ते कागदावर लिहून दिलं होतं. तो माणूस थांबला. त्यांचं पाऊल धरून घड्याळ लावा. तारीख पक्की आहे, मी लिहून देते."

इलियास खाली बसले. आनंद व्हायला हवा होता, पण त्यांचा चेहरा उतरला होता. "मॅडम, घड्याळ लागत नाही म्हणून आजवर मी अठ्ठावीस ठिकाणं बाद केली आहेत. अठ्ठावीस माळ. प्रत्येक वेळी यंत्राला दोष दिला. अहवाल खोटा असेल असं एकदाही मनात आलं नाही."

त्यातले बरेच अहवाल कुणाचे, हे कुमुदबाईंना पाठ होतं. काही त्यांच्या गुरूंचे होते, काही विद्यार्थ्यांचे. विद्यार्थ्यांना रेघ कशी भरायची ते कुमुदबाईंनीच शिकवलं होतं.

सुनावणीत सांगायच्या आधी बिराप्पांना सांगायला हवं होतं. शनिवारी अर्पिता कुमुदबाईंना घरी घेऊन गेली. जिने चढताना ती म्हणाली, "मॅडम, एक विचारू? तेव्हाच्या सुनावणीत मी आईला बिलगून बसले होते. दादा उठून म्हणाले, बाई दोनच रेघा चालल्या, नवव्या रेघेला तणमोर नाचतो. साहेबांनी तुम्हाला विचारलं. तुम्ही काय म्हणालात ते आठवतं?"

"यांची काहीतरी गफलत होतेय, असं म्हणाले."

"लोक हसले. दहावीपर्यंत शाळेत मला तणमोर म्हणायचे सगळे. थापाड्याची पोरगी." तिच्या आवाजात राग नव्हता, दमलेपण होतं. "दादांनी नंतर माळाचं नाव काढलं नाही."

चौथ्या मजल्यावरच्या खोलीत बिराप्पा खिडकीशी बसले होते. ऐंशी ओलांडलेले, पांढरं धोतर, खांद्यावर घोंगडीचा तुकडा. अर्पिताने ओळख करून दिली. त्यांनी हात जोडले, खुर्चीकडे बोट दाखवलं. कुमुदबाई बसल्या नाहीत.

त्यांनी सगळं सांगितलं. लॉज, कूलर, टाचांचे फोड, पलंगावर भरलेल्या रेघा. घोरपडसुद्धा. काही वगळलं नाही.

बिराप्पांनी आपल्या पायांकडे पाहिलं. "म्हंजी तुमाला ताप न्हवता?"

"नाही."

"आमाला वाटलं ताप आला आसंल. मी सभेत तसं बोलनारबी हुतो, बाईंला बरं न्हवतं म्हनून. तेवढ्यात हसाय लागले लोक."

कुमुदबाईंना खोलीतल्या वस्तू नीट दिसेनात. काहीतरी बोलायचं म्हणून त्या म्हणाल्या, "मातीत तुमची पावलं सापडली. रेघेच्या तोंडापासून पार शेवटापर्यंत, दहाही रेघांवर. मेंढरं घेऊन जात होता का?"

"मेंढरं कुटली? ती पोराकडं दिली हुती. सा वाजल्यापासनं पान्याचा तांब्या घिऊन हुबा ऱ्हायचो. दहा वाजले तरी तुमचा पत्त्या न्हाई. मग मनात यायचं, बाई मानूस, परमुलखातली, दुसऱ्या अंगानं माळावर शिरली आन् उनानं चक्कर यिऊन पडली बिडली आसंल तर? म्हनून शेवटापातूर चालून बगायचो. आन् दुसऱ्या रेघंला परत तसंच."

अर्पिताने तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहिलं. खाली टाकीमागचा तुकडा दिसत होता.

इलियासच्या पडद्यावर दहा पट्ट्या भरून पावलं होती. ती सगळी आपल्याला शोधत चाललेली होती, हे कुमुदबाईंना आता कळलं. मातीने ते बत्तीस वर्षं जपून ठेवलं होतं, आणि आणखी तीनशे वर्षं कुणीही कांडी काढली तर तेच निघणार होतं.

"सोमवारी सुनावणी आहे," त्या म्हणाल्या. "मी हे तिथे, सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुमचं पाऊल साक्षीला लागेल. तुम्ही आलात तर बरं होईल."

"कितीला?"

"दहाला."

बिराप्पांनी अर्पिताला काठी कुठे ठेवलीय ते विचारलं. ती दाराआड आहे म्हणाली. त्यांनी मान हलवली आणि कुमुदबाईंकडे पाहिलं. नजरेत टोचून बोलायचा काही इरादा नव्हता. खरोखरीची काळजी होती.

"मी यीन की. म्हागंबी यीतच हुतो. तुमी या, म्हंजी झालं."