धुक्यातली बस बोलेना

थांबून : दोन मिनिटं.

पुढे रस्ता, रस्त्यावर कुणीच नाही. मग बस का थांबली?

जुईली काचेला नाक लावून बघत होती. घाटात धुकं इतकं दाट, की दहा पावलांपुढचं दिसेना. चालकाची जागा रिकामी; ही बस स्वतःच चालायची. छतातून एकच वाक्य येत होतं, "कृपया बसून राहा."

थांबून : पाच मिनिटं.

"का ते सांगेल तर शपथ!" जुईलीचे आजोबा काठी टेकत उठले. आबा तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. "बिघडलीय ही. मागून ट्रक आला तर चेपेल सगळ्यांना. मी उतरतो."

"आबा, नका ना! त्या बाजूला दरी आहे."

"मला घाट शिकवतेस?"

आबांनी संकटकाळच्या दाराची लाल मूठ फिरवली. मागच्या सीटवरच्या दोघी बायका पिशव्या उचलून उभ्या राहिल्या. गार वारा आत घुसला.

"कृपया बसून राहा."

आबांचा एक पाय पायरीवर.

"अगं, बसून राहा काय!" जुईली छताकडे बघून किंचाळली. "तुला दिसतंय काय, ते सांग!"



मग छतातून : "कॅमेऱ्याला फक्त धुकं दिसतंय. रडारला (रेडिओलहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपणारं यंत्र, या लहरी धुक्यातून आरपार जातात) चाळीस मीटरवर काहीतरी जाणवतंय. मोठं. हलतंय. दरड की जनावर, खात्री नाही. मागच्या गाड्यांना थांबवलंय. उघड्या दारापासून कडा दीड हातावर."

आबांनी खाली पाहिलं. पाय सावकाश आत आला.

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं तर प्रवासी घाबरतात, असं मला शिकवलंय."

"न सांगितल्यानं घाबरलो की! माझ्या गाडीपुढं दरड कोसळली, की मी ओरडून सांगायचो : काय झालंय, काय करतोय, काय ठाऊक नाही. एकही माणूस उतरत नसे."

जुईलीला उमगलं. बसला बरंच कळत होतं. पण तिला कळतंय, हे माणसांना कळत नव्हतं.

धुकं जरा विरलं. समोर काळाकभिन्न गवा. मागे पिल्लू. दोघं रानात शिरेपर्यंत कुणी हललं नाही.

"रस्ता मोकळा. वळणावर हळू जाईन. निघू का?"

आबांनी दार लावलं. काठीनं दांडीवर दोन टोले दिले. टण्, टण्.

"हा आवाज माझ्या नोंदीत नाही."

"कंडक्टरची डबल बेल. म्हणजे निघ," जुईली म्हणाली.

"शिकून घे," आबा खाली बसले. "आणि पुढच्या वळणावर काय दिसतं, ते सांगत चल."