हलता पत्ता

नवव्यांदा तिने फोन तोंडाशी धरला, घसा खाकरला आणि म्हणाली, "बाई, तुमच्यामुळे मी... म्हणजे बाई, तुम्ही मला... छे!"

"पंखा बंद केलात, तर निदान 'छे' तरी स्वच्छ येईल," पडद्यामागून कुणीतरी म्हणालं.

ती दचकून उठली. शांत जागा म्हणून ती या सभागृहाच्या रिकाम्या रंगमंचावर येऊन बसली होती. पडद्याच्या कडेने एक तरुण बाहेर आला. खांद्यावर वायरीचं वेटोळं, गळ्यात हेडफोन, केसांत धूळ आणि चेहऱ्यावर हसू... दाबलेलं, पण नीट न दाबलेलं.

"चोरून ऐकत होता?"

"चोरून? मी इथला साउंडवाला. ऐकणं हाच माझा धंदा आहे." त्याने भिंतीपाशी जाऊन पंखा बंद केला. "हं, म्हणा आता."

"आता काय म्हणू, कपाळ!"

पण ती हसली. आणि कसं कोण जाणे, रंगमंचाच्या कडेला पाय सोडून बसत तिने त्या अनोळखी माणसाला सगळं सांगून टाकलं.

तिसरीच्या बाई गाव सोडून मुलाकडे राहायला चालल्या होत्या, कायमच्या. चौतीस वर्षं त्यांनी फक्त तिसरीलाच शिकवलं. त्या जाण्याआधी त्यांच्या विद्यार्थ्यांनी एकदा जमावं, त्यांचे आभार मानावेत, आणि बाईंना आधी सुगावा लागू नये, एवढीच तिची इच्छा. ती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती. विसरभोळ्या लोकांना तारखेची आठवण करून देणं हे तिचं रोजचंच काम. तिने वर्गाचा जुना फोटो सोशल मीडियावर टाकला. त्याखाली कुणीतरी लिहिलं, 'दुसऱ्या रांगेत नाक पुसतोय तो मी.' त्याने बहिणीला कळवलं, बहिणीने मैत्रिणीला, आणि बघता बघता ग्रुपमध्ये एकशे साठ माणसं जमली. ऐंशी जण प्रत्यक्ष या सभागृहात येणार होते. लांबच्यांनी आपापल्या आवाजात निरोप पाठवायचं ठरलं होतं.

"आणि सगळ्यांच्या मागे लागणारीचा निरोप अजून झालेलाच नाही," तो म्हणाला.

"दिव्याखाली अंधार."

"बाकीचे तरी मला पाठवा. खरखर काढून देतो. ज्यांच्यासाठी आहेत, त्यांच्या कानांना त्रास नको."

असं सुरू झालं. ती दवाखान्यातून निरोप पाठवायची, तो रात्रीपर्यंत साफ करून परत द्यायचा. मध्ये मध्ये दोन ओळी लिहायचा.

'सत्तावीस नंबरच्या काकांच्या मागे कुत्रा भुंकतोय. काढू?'

'नको. कुत्र्यालाही बाईंना नमस्कार सांगायचाय म्हणे.'

'चाळीस नंबरच्या ताई साडेतीन मिनिटं नुसत्या रडल्यात.'

'तेही राहू द्या ना.'

'ठेवलंय. फक्त शेजारच्या मिक्सरचा आवाज काढला. रडण्यात लुडबुड करत होता.'

ती रुग्णाची फाइल हातात घेऊन खुदकन हसायची आणि डॉक्टर आतून विचारायचे, "दाढ काढायचीय त्यात हसण्यासारखं काय आहे?"

आणि रोज शेवटी त्याचा एकच प्रश्न यायचा, 'तुमचा निरोप?' ती लिहायला घ्यायची. त्याच्या फोनवर 'लिहीत आहे... लिहीत आहे...' असं कितीतरी वेळ दिसायचं, आणि मग काहीच यायचं नाही. तो घाई करायचा नाही. 'बरं' एवढंच लिहायचा. त्या 'बरं'ची तिला हळूहळू सवय झाली.

एका संध्याकाळी सभागृहाच्या पायऱ्यांवर चहा पिताना ती आपण होऊन म्हणाली, "मला वाचता यायचं नाही हो. तिसरीत गेले तरी. अक्षरं हलायची माझ्या डोळ्यांसमोर. मुलं मला गोगलगाय म्हणायची."

तो कप खाली ठेवून तिच्याकडे वळला.

"बाई रोज मधल्या सुट्टीत माझ्याजवळ बसायच्या. शब्दाखाली बोट धरून. एक ओळ वाचायला मला अख्खी सुट्टी लागायची... त्यांचा डबा तसाच राहायचा. हे सगळं अर्ध्या मिनिटात कसं मावायचं?"

"कोण म्हणालं अर्ध्या मिनिटात मावायला हवं?"

तिने मान खाली घातली. कप रिकामा झाला होता, तरी ती त्यातून दोनदा प्यायली. त्याने ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच सभागृहावरची पाण्याची टाकी फुटली. रंगमंचावर घोटाभर पाणी. तिला रडूच फुटलं असतं, पण साउंडवाल्याने तासाभरात गावाच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्या ओळखीच्या एका संगीत शाळेचा हॉल मिळवला. दोघांनी ऐंशी खुर्च्या मांडल्या. दुपारी तिथूनच तिने ग्रुपवर लिहिलं, 'जागा बदलली आहे! पत्ता शोधत बसू नका. खाली नकाशावर ठिपका पाठवतेय, त्याच्यावर चारला या.' ठिपका पाठवला, फोन पर्समध्ये टाकला आणि स्कूटर काढली. वाटेत पेट्रोल भरलं, हार घेतला आणि ती बाईंना आणायला त्यांच्या घरी पोचली. सहा वाजता बाईंची गाडी निघणार होती. त्यानंतर ही संधी पुन्हा यायची नव्हती.

बाईंच्या घरात नुसती खोकी. पडदे उतरवलेले. बाई दोरीला गाठ मारत होत्या.

"बाई, शाळेच्या ग्रंथालयाच्या रजिस्टरवर तुमची एक सही राहिलीय. पटकन येताय का?"

"चौतीस वर्षांत माझी एकही सही राहिलेली नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि खोटं बोलताना तुझे कान अजून लाल होतात."

तेवढ्यात फोन वाजला. ती बाहेर अंगणात पळाली.

"अहो, चार वाजून गेलेत," साउंडवाला म्हणाला. "इथे मी आहे आणि ऐंशी खुर्च्या आहेत. माणूस एकही नाही."

"असं कसं? सगळे निघालेत! ग्रुपवर बघ ना तू!"

तिच्या तोंडून 'तू' निघून गेलं. दोघांनीही ते ऐकलं, पण वेळ नव्हता.

"बघतो, थांब... हे काय? तुझा ठिपका इथे नाहीये. पलीकडच्या टोकाला आहे."

"माझा कसला ठिपका? हॉलचा ठिपका!"

तो अगदी हळू, लहान मुलाला समजवावं तसा म्हणाला, "तू हॉलची जागा नाही पाठवलीस. तू स्वतःला पाठवलंस. लाइव्ह लोकेशन. तू जाशील तिथे ठिपका जातोय... आणि ठिपका जाईल तिथे लोक."

 त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. एक गाडी आत वळली. तिच्यामागे दुसरी. मग चार स्कूटर, एक मिनीबस, आणि त्यामागे न संपणारी रांग. पहिल्या गाडीतून टाय लावलेले, टक्कल पडलेले काका उतरले. तळहातावर फोन.

"थांबला! ठिपका इथेच थांबलाय!"

"मगाशी पेट्रोल पंपावरही थांबला होता," मागून एक बाई ओरडल्या. "तिथे आपण फुलं घेऊन उतरलो! पंपवाला लाजला बिचारा!"

गल्ली गच्च भरली. पुढे जायला वाट नव्हती, मागे फिरायलाही नव्हती. आता सगळ्यांना परत हॉलवर नेणं म्हणजे सहा इथेच वाजणार. ती फाटकाला धरून उभी राहिली. दोन महिन्यांचं काम, आणि एका अंगठ्याने त्यावर पाणी ओतलं होतं.

मागे दार उघडलं. बाई उंबऱ्यात आल्या. त्यांनी चष्मा पुसला, लावला, डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत गल्ली पाहिली. सगळे एकदम चिडीचूप झाले.

"हा काय गोंधळ आहे?" बाई म्हणाल्या. "रांग करा."

आणि पंचविशीपासून चाळिशीपर्यंतची माणसं, कुणी मॅनेजर, कुणी ड्रायव्हर, कुणी दोन मुलांची आई, उंचीप्रमाणे रांगेत उभी राहिली. टक्कलवाले काका धावत जाऊन पहिले लागले, कारण ते अजूनही वर्गातले सर्वांत बुटके होते.

हसावं की रडावं ते तिला कळेना. अर्ध्या तासाने एक टेंपो गल्लीच्या तोंडाशी लागला. साउंडवाला एक स्पीकर पाठीवर घेऊन गाड्यांच्या फटींतून चालत आला.

"हॉल येत नसेल, तर स्पीकरने यावं," तो धापा टाकत म्हणाला. "बाई, तुमच्या खिडकीतून जरा वीज घेऊ?"

लांबलचक वायर खिडकीतून गल्लीत आली. लोक 'भांडी, जपून' असं लिहिलेल्या खोक्यांवर, पायऱ्यांवर, कुंपणाच्या भिंतीवर बसले. आणि मग एकेक आवाज गल्लीत उतरू लागला. दूर देशातला, समुद्रावरच्या बोटीवरचा, दवाखान्याच्या खाटेवरचा. कुत्र्याचाही. बाई डोळे मिटून ऐकत होत्या आणि आवाज ओळखून मान हलवत होत्या.

शेवटचा निरोप संपला. साउंडवाला तिच्याजवळ आला, माइक तिच्या हातात दिला. मग मागे जाऊन आवाज किंचित वाढवला, तिला ओरडावं लागू नये म्हणून.

"बाई..." ती म्हणाली.  कुणी घाई केली नाही. "बाई, मी एक ओळ वाचेपर्यंत तुमचा डबा तसाच राहायचा. तुम्ही कधी 'लवकर' म्हणाला नाहीत. आज मी जी काही आहे ती... त्या न म्हटलेल्या शब्दामुळे आहे. तुमचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. पण मला वाचता येतं, बाई."

बाई उठल्या. तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुझ्याआधी मी फार घाईची होते गं," त्या म्हणाल्या. "मुलं मागे पडली की चिडायचे. हळू शिकवणं मला तू शिकवलंस. यांतली तुझ्यानंतर आलेली सगळी पोरं आहेत ना, त्यांनी खरं तर तुझे आभार मानायला हवेत."

सहाऐवजी साडेसहाला बाईंची गाडी निघाली. ऐंशी माणसांनी गाड्या पुढेमागे करून तिला वाट करून दिली. बाईंनी काचेतून एकदाच हात हलवला, आणि गाडी वळणाआड गेली.

हळूहळू गल्ली रिकामी झाली. राहिली ती लांबलचक वायर. त्याने खिडकीकडचं टोक उचललं.

"मीही गुंडाळते," ती म्हणाली आणि स्पीकरकडचं टोक घेतलं.

"दोन टोकांनी गुंडाळत नसतात. मध्ये गोंधळ होतो."

"होऊ दे. आजचा दिवसच तसला आहे."

दोघं गुंडाळू लागली. गल्लीत संध्याकाळचा पिवळा उजेड होता. मधलं अंतर कमी होत चाललं. तीस पावलं... वीस... दहा...

"तुझे आभार मानायचे राहिले," ती म्हणाली. "तू नसतास तर..."

"आभार नकोत." त्याचे हात थांबले. "इतके दिवस सगळ्यांच्या आवाजातलं नको ते मी काढून टाकलं. एक आवाज मात्र... माझ्या डोक्यातून काही केल्या निघत नाही."

"कुणाचा?"

"जो मला आज दुपारी 'तू' म्हणाला."

तिचे कान लाल झाले. या वेळी ती खोटं बोलत नव्हती. ती काही बोलतच नव्हती.

"उद्या चहाला येशील?" त्याने विचारलं.

"नाही."

त्याचा चेहरा उतरला.

"उद्या कशाला?" ती म्हणाली. "आज काय दुकानं बंद आहेत?"

मध्ये हातभर वायर उरली होती. ती गुंडाळायची कुणालाच घाई नव्हती.