दूधभाऊ

संत मार्टिनच्या सणाला दाईच्या घरी पोसलेलं बदक पोचवायचं, हा लुडोल्फचा लहानपणापासूनचा नेम. गादीवर बसून दोन वर्षं झाली तरी त्याने तो मोडला नव्हता. ग्राउएनटालचा ड्यूक म्हणजे काही फार मोठा राजा नव्हे. सकाळी घोड्यावर मांड टाकली की दुपारच्या जेवणाला माणूस सीमेपलीकडे जाईल, एवढंच ते राज्य. पण महाल होता, पहारा होता, दिवाण होता. हे सगळं मागे ठेवून वर्षातून एक दिवस तो एकटाच घोडा काढायचा, खोगिराला बदक लटकवायचा आणि खालच्या खोऱ्यात वाल्पुर्गाच्या झोपडीकडे निघायचा.

वाल्पुर्गाने त्याला अंगावर पाजलं होतं. सख्ख्या आईला तो ‘मातोश्री’ म्हणे, हिला नुसतं ‘आई’. हिचा मुलगा हेनिंग त्याच्याच वयाचा. एका छातीवर दोघं वाढले. एक गादीवर बसला, एक कोबीच्या वाफ्यांत राबत राहिला.

त्या सोमवारी खोऱ्यात धुकं भरलं होतं. भर दुपार, पण सूर्य कुठे आहे ते कळत नव्हतं. गावात शिरताना घोड्याच्या टापांखेरीज आवाज नाही. एरवी सणाच्या दिवशी पोरं मागे धावायची. आज विहिरीवर एक बाई उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, बादली खाली ठेवली आणि पाठ फिरवली. ड्यूककडे पाठ फिरवायची नसते, हे खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लुडोल्फला हसू आलं. धुक्यात ओळखलं नसेल, म्हणाला मनाशी.

झोपडीचं दार लोटलेलं होतं.

“आई, आहेस का? बदक आणलंय. यंदाचं माझ्यापेक्षा जड आहे.”

“ये,” आतून वाल्पुर्गा म्हणाली. “दार लावून घे.”

आत कोबीच्या शिळ्या आमटीचा वास होता, धुराचा होता, आणि त्या दोन्हींच्या खाली तिसराच एक. पाऊस पडून गेल्यावर खणलेल्या खड्ड्याला येतो तसा ओला, गार. चुलीत विस्तव नव्हता. वाल्पुर्गा टेबलाच्या या टोकाला बसली होती, आणि पलीकडच्या बाकावर, भिंतीला टेकून, हेनिंग. गळ्याभोवती लोकरीचा पट्टा घट्ट गुंडाळलेला. डोकं डाव्या खांद्यावर कललेलं.

“काय रे हेन्या,” लुडोल्फ हसत म्हणाला, “मान अवघडली का?”

 हेनिंगचे डोळे उघडे होते आणि ते लुडोल्फच्या तोंडावर होते.

“शुक्रवारपासून तशीच आहे,” वाल्पुर्गा म्हणाली. “बस ना. त्याच्या समोर बस. लहानपणी बसायचास तसा.”

लुडोल्फ बसला. खोलीत एवढा गारठा होता, की बोलताना त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. वाल्पुर्गाच्याही निघत होती. टेबलाच्या पलीकडून मात्र काहीच निघत नव्हतं. हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला, आणि आल्यावर त्याला तिथून नजर काढता येईना.

“आई... याला काय झालंय?”

तिने झग्याच्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावरून त्याच्याकडे सरकवला. चारही कोपऱ्यांना खिळ्यांची भोकं होती.

“मला वाचता येत नाही. चर्चच्या दारावर लावला होता. पाद्रीबुवांनी वाचून दाखवला. खाली तुझं नाव आहे म्हणतात. आहे का?”

लुडोल्फने वाचलं. ड्यूकच्या राखीव जंगलातलं हरीण मारल्याबद्दल एर्लेनग्रुंड गावच्या हेनिंगला शुक्रवारी सकाळी टेकडीवर फाशी. प्रेत फासाच्या खांबाखालीच पुरावं, घंटा वाजवू नये. खाली दिवाणाचा शिक्का. आणि त्यावर वळणदार, घाईची, शेपटी लांबवलेली सही.

त्याला मागचा मंगळवार आठवला. खाली अंगणात कुत्री भुंकत होती, शिकारीची मंडळी खोळंबली होती. एका पायात बूट, एक हातात, अशा अवस्थेत त्याने अकरा कागदांवर उभ्याउभ्या सह्या ठोकल्या होत्या. “काही विशेष नाही, नेहमीचंच,” दिवाण म्हणाले होते.

“आहे,” तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ऐकू आला नाही.

“ते जनावर आमच्या वाफ्यात शिरलं होतं. हिवाळ्याचा सगळा कोबी खाल्ला. हा काठी घेऊन धावला. काठीने हरीण मरतं होय? पण मेलं.” वाल्पुर्गा शांतपणे सांगत होती, शेजारणीची हकिगत सांगावी तशी. “दोन दिवस तुझ्या फाटकाशी उभी होते. म्हटलं, त्याला नुसतं कळू दे. पहारेकरी म्हणाला, म्हातारे, सरकार शिकारीला गेलेत. काय मारायला गेला होतास रे?”

 उत्तर दोघांनाही ठाऊक होतं.

“पण... पण मग हा...”

“शुक्रवारी पुरला. शनिवारी दिवेलागणीच्या आधी दारात उभा. काय करणार पोर? देवाच्या जागेत त्याला जागा नाही, तुझ्याच कागदात लिहिलंय. मग जाईल कुठं? घरी आला.” तिने हात लांब करून बाकावरच्या त्या हातावर ठेवला आणि थोपटला. “जेवत नाही. झोपत नाही. नुसता बघतो. मी आई आहे, लुडोल्फ, पण मलाही भीती वाटते आता. त्याला झोपू दे. चर्चच्या आवारात साडेतीन हात जागा दे. तू ड्यूक आहेस ना?”

त्याने चुलीतला कोळसा उचलला आणि त्याच कागदाच्या पाठीवर लिहिलं. माफी. चर्चच्या आवारात दफन. घंटा वाजवावी. खाली सही केली, या वेळी सावकाश, एकेक अक्षर. उठताना त्याने वर पाहिलं. हेनिंगची नजर त्याच्या तोंडावरून निघून कागदावर आली होती. मान मात्र हललेली नव्हती.

पाद्रीबुवा चर्चच्या पायरीवरच भेटले. त्यांनी कागद वाचला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

“या बाजूला शिक्का नाही.”

“मी ड्यूक आहे. मी समोर उभा राहून सांगतोय!”

“सरकार, मला बायकापोरं आहेत,” पाद्रीबुवा खाली बघत म्हणाले. “फाशीच्या हुकमाखाली शिक्का आहे. दिवाणसाहेबांनी उद्या विचारलं, तर मी काय कोळशाचं अक्षर दाखवू?”

लुडोल्फने घोडा तोंडाला फेस येईतो पिटाळला. दिवाण फॉन क्रेसेन सूप पीत बसले होते. साठीचा माणूस, लुडोल्फ सात वर्षांचा असताना याच माणसाने त्याला लॅटिन शिकवलं होतं आणि चुकलं की तळहातावर छडी दिली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. झोपडीत कोण बसलंय, हे लुडोल्फने सांगितलं नाही. सांगवलं नाही.

“दाईची माया, समजू शकतो,” दिवाण ओठ पुसत म्हणाले. “पण दिलेला निकाल चार दिवसांत फिरवला, तर उद्या प्रत्येक शेतकरी काठी घेऊन जंगलात शिरेल. तुमच्या वडिलांनी एकही निकाल फिरवला नाही.”

“मला शिक्का हवाय. आत्ता.”

“गुरुवारी सल्लागार मंडळाची बैठक आहे. तिथे मांडू. मेलेल्या माणसाला घाई नसते, सरकार.”

शिक्का टेबलावरच होता, सुपाच्या वाडग्याला लागून. हात पुढे केला असता तर मिळाला असता. पुढे आयुष्यभर लुडोल्फला ते अंतर आठवत राहिलं. वीतभर. पण दिवाणांनी नजर उचलून पाहिलं, आणि त्याचा तळहात आपोआप मिटला.

“बरं,” तो म्हणाला.

मंगळवार गेला. बुधवार गेला. तो महालाच्या खिडकीशी उभा राहून खोऱ्यातलं धुकं बघत राहिला. निरोप धाडावा, दोन दिवस कळ काढ म्हणावं, असं दहादा मनात आलं. पण निरोप कुणाच्या हाती देणार, आणि तो माणूस झोपडीत जाऊन काय पाहणार? गुरुवारी मंडळाने अर्धा तास घासाघीस केली आणि मेहेरबानी म्हणून शिक्का मारला.

शुक्रवारी उजाडताच लुडोल्फ झोपडीपाशी पोचला. दार लोटलेलंच होतं. वाल्पुर्गा टेबलाच्या त्याच टोकाला बसलेली होती, हात पुढे पसरून, पलीकडच्या कुणाचा तरी हात धरावा तसा. पलीकडे कुणी नव्हतं. तिच्या तोंडातून आता वाफ निघत नव्हती.

तो तिच्या पायांशी बसला.  हेनिंगला उकरायला बरोबर आणलेले पाद्रीबुवा आणि जल्लाद मातिस बाहेर टोप्या काढून उभे होते. शेवटी पाद्रीबुवाच हळूच म्हणाले, “सरकार, शिक्का आलाय. निदान दोघांना एकदम...”

टेकडीवर दहिवर गोठलं होतं. माती दगडासारखी. मातिस एकटाच कुदळ चालवत होता. फासाखालच्या मातीला दुसरं कुणी हात लावत नाही. कमरेइतकं खणल्यावर लोकरीचा पट्टा दिसला. हेनिंग तिथेच होता. आठ दिवसांपूर्वी ठेवला तसा, उताणा. डोळे मिटलेले.

लुडोल्फने सुटकेचा श्वास सोडला. पण मातिस वर आला नाही. तो खड्ड्यात ओणवा होऊन बाजूची माती चाचपत होता.

“काय झालं?”

“मी एकाचाच खड्डा खणला होता, सरकार,” मातिस म्हणाला. “एकाचाच.”

हेनिंगच्या शेजारी तेवढीच आणखी एक जागा होती. कुदळीने खणलेली नव्हे. कुणी रोज पाठ टेकून दाबून दाबून गुळगुळीत करावी तशी. डोक्याच्या जागी खळगा, टाचांच्या जागी दोन.

“तिच्यासाठी असेल,” पाद्रीबुवा छातीवर क्रूस काढत पुटपुटले. “आईला जवळ घ्यायचं असेल लेकराला.”

मातिसने मान हलवली. वीस वर्षं तो माणसांची मापं नुसत्या नजरेने घेत आला होता. दोर किती सोडायचा ते त्यावरच ठरतं.

“म्हातारी एवढी उंच नव्हती,” तो म्हणाला. त्याने वर पाहिलं, लुडोल्फच्या डोक्यापासून बुटांपर्यंत एकदा नजर फिरवली आणि मग घाईघाईने ती दुसरीकडे वळवली.

लुडोल्फ खड्ड्याच्या काठावर गुडघ्यांवर बसला. हातमोजा काढून त्याने त्या रिकाम्या जागेवर तळहात टेकला. चहूकडची माती बर्फासारखी होती.

तेवढी जागा कोमट होती.