पेवातला दिवा

मालनबाई बसा म्हटलं तरी बसली नाही. उंबऱ्यात उभी राहूनच म्हणाली, "बलभीमला फाशी व्हाया पायजे, मास्तर. त्यानं माझ्या मालकाला पेवात मारलं."

सोमलिंग मास्तर पूर्वी शाळेत विज्ञान शिकवीत. आता धाराशिवच्या वकिलांसाठी तपास करीत. बरोबर गुलाब असे. त्याला कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागे, हे तो स्वतःच कबूल करी.

प्रकरण लोहाऱ्याकडच्या एका गावातलं. त्र्याहत्तरच्या दुष्काळात गावातल्या आबारावांनी आपलं ज्वारीचं जुनं पेव उघडलं. जमिनीत खणलेलं कोठार ते, वर दगडी झाकण. मालनबाईचा नवरा ज्ञानोबा वीस वर्षं पेवात उतरणारा गडी. उतरला, आणि कमरेला बांधलेल्या कासऱ्यानं ओढून काढला तेव्हा मेलेला होता.

उतरण्याआधी पेवात दिवा सोडतात. विझला तर हवा वाईट, कुणी उतरत नाही. दिवा ज्ञानोबाच्या जोडीदारानं, बलभीमनं सोडला होता, आणि दिवा जळत होता असं तो म्हणत होता. त्याचं आणि ज्ञानोबाचं आदल्याच दिवशी भांडण झालेलं. मग काय, गावानं उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि फौजदारानं बलभीमला आत टाकलं. त्याच्या वकिलानं तपास मास्तरांकडे दिला.

आबाराव म्हणाले, "सकाळी झाकण काढलं, दुपारी त्यो उतरला. दिवा त्याचाच, घरून आनलेला. दिव्याचा दोर बारा हात, बरुबर तळापतुर."

"मोजला होता?"

"वीस वर्सं त्योच दोर. मोजायचा कशाला? मढं काढलं अन् लगेच झाकण टाकलं. आता तिकडं कुनी फिरकंना."

कोठडीत बलभीम रडतच बोलला. "म्या दोर संपंस्तोर दिवा सोडला. जळत हुता. म्हनलो, दादा, उतरा."

"दिवा तळाला टेकला?"

"दोर संपला म्हंजी तळच की! भांडलो असंन, पर उतरायच्या आदी त्यानं मला तंबाखू दिली, मास्तर."

तिसऱ्या प्रहरी मास्तर आणि गुलाब मालनबाईच्या घरी गेले. गुलाबच्या घशाला कोरड पडली होती. तिनं परसातल्या आडातून पाणी शेंदलं. दोराची गाठ रहाटावरून खटकन उडाली.

"पानी लई खाली गेलंय," ती म्हणाली. "जोड द्यावा लागला." गुलाब गढूळ पाणी घटाघटा प्याला.

मास्तरांनी खुंटीवरचा ज्ञानोबाचा दिवा दोरासकट मागून घेतला आणि सगळ्यांना पेवापाशी बोलावलं. फौजदार बेडी घातलेल्या बलभीमला घेऊन आला. झाकण सरकवलं. मास्तरांनी दोर संपेपर्यंत दिवा सोडला. ज्योत शांत जळत होती.

"गुलाब, पटका दे."

गुलाबनं डोक्याचा पटका सोडून दिला. मास्तरांनी तो दोराला जोडला आणि दिवा आणखी खाली सोडला. ज्योत बारीक झाली आणि विझली.

"दोर आठच हात आहे," मास्तर म्हणाले. "टोक ताजं कापलंय. ज्वारीचा दाणा जिवंत असतो, आपल्यासारखाच श्वास घेतो. बंद पेवात तो प्राणवायू संपवतो आणि कर्बवायू सोडतो. तो जड, तळाशी साचतो. वर हवा चांगली, म्हणून दिवा जळाला. ज्ञानोबा तळाशी गेला. छाती भात्यासारखी चालत राहिली, फुप्फुसं भरत राहिली, पण रक्तानं घ्यावा असा प्राणवायूच त्या हवेत उरला नव्हता. चार-दोन श्वासांत शुद्ध जाते. बलभीम खोटं बोललेला नाही."

"मग दोर कापला कुनी?" मालनबाई ओरडली.

आयुष्यात पहिल्यांदा गुलाबला न सांगता कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

मास्तर हळूच म्हणाले, "बाई, आडाच्या दोराला जोड कशाचा दिला?"

ती मटकन खाली बसली. "दोन वर्सं कुनाचं पेव भरलं न्हाय. दिवा रिकामाच टांगलेला. म्हनलं, चार हात घ्यावा..."

मास्तरांना बलभीमला वाचवायचं होतं. तो वाचला, पण मास्तरांना मान वर करवेना.

मालनबाई उठून फौजदारापुढे गेली. "त्याला सोडा, सायब. मला न्या."

फौजदारानं बलभीमची बेडी काढली. "बाई, ह्याला कलम नाही. घरी जा."

"एकबी न्हाय?"

"नाही."

बेडीसाठी पुढे केलेले हात तिनं बराच वेळ मागे घेतले नाहीत.